गेनूभाऊंचा हंडा

त्या वर्षी टोमॅटोला जो भाव आला, तो ऐकून आमच्या बेल्ह्यात माणसं आधी हसली, मग गप्प झाली आणि मग गाड्यांच्या शोरूमची चौकशी करायला लागली. गेनूभाऊंचं मात्र उलटंच. नारायणगावच्या बाजारात त्यांच्या मालाचा लिलाव झाला, भाव पुकारला गेला, आणि हा माणूस आपल्याच क्रेटवर मटकन बसला. डोक्याला हात लावून म्हणाला, "झालं. आता काय खरं न्हाई आपलं."

लोकांना वाटलं, भाऊंच्या ऐकण्यात चूक झाली. कुणीतरी जवळ जाऊन आकडा पुन्हा सांगितला. तो ऐकून गेनूभाऊ आणखी खचले. शेवटी टेम्पोवाल्याने त्यांना उसाचा रस पाजला आणि पाठीवरून हात फिरवत घरी आणून सोडलं. भाव पडला म्हणून हळहळणारी माणसं त्या बाजाराने खूप पाहिली असतील, भाव मिळाला म्हणून धीर द्यावा लागलेला हा पहिलाच.

कारण साधं होतं. गेनूभाऊंनी आयुष्यात एकच पुस्तक वाचलं होतं, आणि त्या पुस्तकात अचानक पैसा मिळालेल्या माणसाचं पुढे फार वाईट होतं.

हे पुस्तक त्यांना लग्नाच्या आधी आळेफाट्यावर मिळालं. एसटीची वाट बघत रद्दीच्या दुकानासमोर उभे होते, एसटी आली नाही आणि पुस्तक हाताला लागलं. मुखपृष्ठ गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लिहिणारा कोण हे त्यांना कधीच कळलं नाही. माझं बेल्ह्यात बाजारतळाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे आणि घर गेनूभाऊंच्या वस्तीला लागून. एकदा दुकानात आलेल्या एका प्राध्यापकांनी ते पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "अहो, ही तर जगभर गाजलेली लघुकादंबरी आहे. मराठीत आणलीय कुणीतरी. हिचं नाव..."

"सांगू नका," गेनूभाऊंनी हात जोडले. "इतकी वर्सं बिननावाचं चाललंय. आता नाव कळलं तर परकं वाटंल."

गोष्ट अशी. कुठल्या तरी परदेशात बार्तोलोमिओ नावाचा एक गरीब कुंभार असतो. माती खणताना त्याला सोन्याचा हंडा सापडतो. बातमी फुटते. मग सावकार गोड बोलायला लागतो, सोनार वजनात मारतो, ज्योतिषी ग्रह सांगतो आणि शेवटी सख्खा भाऊ रात्रीचा हंडा पळवतो. कुंभार हंडा परत मिळवून डोंगरात पळतो, पण तोवर घर मोडलेलं असतं. तो हंडा दरीत फेकून देतो आणि परत येऊन पुन्हा चाकावर बसतो. एवढंच. एका बैठकीत वाचून होतं. गेनूभाऊ ते बैठकीत वाचत नसत, ते त्यातच राहायला होते.

त्यांचं पालुपद एकच, "पुस्तकात तसं न्हाई." आमटी घट्ट झाली तर पुस्तकात कुंभाराची बायको आमटी पातळ करते. पाहुण्यांनी भाचीला एक स्थळ आणलं, मुलगा नम्र, बोलायला गोड, सगळे खूश, आणि गेनूभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "पुस्तकात असाच एक हाय. सकाळी गोड बोलतो आन् संध्याकाळी फावडं घिऊन येतो." स्थळ मोडलं. त्यांच्या बायकोला, हौसाबाईंना, मी एकदा विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही येत का या पुस्तकाचा? त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या नवऱ्यांना दारू असती. ह्येंला पुस्तक हाय. सकाळी उतरलेलं असतं, एवढं बरं."

पैसे आल्यावर गेनूभाऊ ओट्यावर बसून येणाऱ्या माणसांची पुस्तकाशी गाठ घालायला लागले. प्लॉटवाला आला. "ह्यो सावकार." गाडी घ्या म्हणून सांगणारा आला. "ह्यो सोनार." मी भाजी द्यायला गेले तर मला म्हणाले, "ताई, सगळी येऊन गेली. आता फकस्त ज्योतिषी ऱ्हायलाय." आणि दुसऱ्या दिवशी खरंच एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले, वास्तूत दोष आहे म्हणाले आणि उत्तरेला तोंड करून चहा प्यायले. गेनूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

तो ज्योतिषी गेला आणि गेनूभाऊ तडक माझ्या दुकानात आले. पिशवीतून पुस्तक काढलं, काउंटरवर ठेवलं.

"ताई, पैसा घरात ठिवला तर पुस्तकातल्यासारकं व्हणार. म्हून मी ठरवलंय, त्यो पुस्तकातच घालायचा."

"म्हणजे?"

"पिच्चर काढतो. ह्या पुस्तकाचा."

हौसाबाईंना हे कळलं तेव्हा त्या धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. म्हणाल्या, "आधी न्हाणीघराला दार लावा. मंग काय काढायचं ते काढा." गेनूभाऊंनी दार लावलं. सागवानी, वर मोराची नक्षी. आमच्या वस्तीवर इतकं देखणं दार कुणाच्या देवघरालाही नाही. मग पिच्चर सुरू झाला.

पहिलं काम माझ्याकडे आलं. गेनूभाऊंच्या मते पटकथा वगैरे लिहायची गरज नव्हती, पुस्तक लिहिलेलंच होतं. प्रत्येकाने सगळं पुस्तक वाचायचं, म्हणून सगळ्या पुस्तकाच्या झेरॉक्स निघाल्या. ज्याला फक्त "होय मालक" एवढंच म्हणायचं होतं त्यालाही अख्खं पुस्तक. कुंभाराचं गाढव ज्याच्याकडून भाड्याने आणायचं ठरलं, त्या गाढवाच्या मालकालासुद्धा एक प्रत गेली. "त्येला कळाया पायजे आपलं गाढव कशात काम करतंय," गेनूभाऊ म्हणाले.

कॅमेऱ्याला जुन्नरचे युनूसभाई आले. युनूसभाई म्हणजे लग्नाच्या शूटिंगमधलं मोठं नाव. अर्ध्या तालुक्याच्या अक्षता त्यांच्या कॅमेऱ्यात पडलेल्या. माणूस हसरा, हात स्थिर, पण सवय लग्नाची. कुंभार स्वतः गेनूभाऊ, आणि हौसाबाई कुंभाराची बायको झाल्या होत्या. हंडा चोरीला गेल्यावर त्यांनी छाती पिटून रडायचं होतं. त्या कशाबशा रडायला लागल्या की युनूसभाई कॅमेऱ्यामागून म्हणायचे, "वहिनी, जरा इकडं बघा. हां, आता थोडं हसा." हौसाबाई हसायच्या. मग गेनूभाऊ कपाळाला हात लावून, "पुस्तकात तसं न्हाई, युनूसभाई."

"सॉरी भाऊ. तोंडातून निघून जातं."

मला सावकारीण केलं होतं. माझं काम दागिने घालून दारात उभं राहायचं आणि नाक मुरडायचं. पाच-सहा वेळा नाक मुरडूनही गेनूभाऊंचं समाधान होईना. ते म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकानं एक पान झेरॉक्स करून पाचशेची नोट दिली की तुमी कसं बघता, तसं बघा." पुढच्या खेपेला एकदम जमलं.

खरी पंचाईत नावांची. गेनूभाऊ नावं बदलायला तयार नव्हते. पुस्तकात बार्तोलोमिओ तर पिच्चरमध्येही बार्तोलोमिओ. धोतर, मुंडासं, पायात वहाणा आणि नाव बार्तोलोमिओ. कुणाच्याही जिभेला ते वळेना. सगळे त्याला बारतोल्या म्हणायला लागले. हौसाबाईंना तर नवऱ्याचं नाव घ्यायची वेळच कधी आली नव्हती. त्या प्रत्येक वाक्य "अवो" पासूनच सुरू करायच्या, त्यामुळे त्यांची संकटातून सुटका झाली.

डोंगरातलं शूटिंग घाटघरला केलं. कुंभार हंडा घेऊन पळतो तो भाग. हंडा हौसाबाईंच्या माहेरचा, तांब्याचा, चिंच लावून लख्ख घासलेला. नाणेघाटाच्या तोंडाशी वारा असा की गेनूभाऊ पुढे पळायचे आणि वारा त्यांना मागे आणायचा. मुंडासं तर केव्हाच कोकणात गेलं. शेवटी हंडा दरीत फेकायचा होता. हौसाबाई युनूसभाईंच्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभ्या.

"फेकून दावा," त्या म्हणाल्या. "आईनं दिलेला हाय."

गेनूभाऊंनी हंडा दोन्ही हातांनी वर उचलला, दरीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि हळूच खाली ठेवला. पिच्चरमध्ये कुंभार हंडा उचलतो, मग एकदम नुसती दरी दिसते आणि मागून एक स्टीलची परात पडल्याचा आवाज येतो. आवाज युनूसभाईंच्या घरी काढला.

एवढं सगळं चाललं होतं, पण भावाचं काम कोण करणार ते गेनूभाऊ सांगत नव्हते. आम्ही विचारलं की म्हणायचे, "बघू."

गेनूभाऊंना खरा भाऊ आहे. सोपानदादा, त्यांच्यापेक्षा मोठे. एकाच अंगणात दोघांची घरं, समोरासमोर दारं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कधीतरी भांडण झालं होतं आणि तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे बोलायचे, पण मोत्याशी. मोत्या हा अंगणातला कुत्रा, दोन्ही घरी जेवणारा. सोपानदादा ओट्यावरून म्हणायचे, "मोत्या, मोटार बंद करायची ऱ्हायलीय म्हणावं." आणि गेनूभाऊ आतून म्हणायचे, "मोत्या, करतो म्हणावं." मोत्या बिचारा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. कितीतरी वर्षं दोन घरांचा कारभार असाच चालला होता.

त्या वर्षी सोपानदादांनी कांदा केला होता, आणि कांदा मातीमोल गेला. एकाच बांधाच्या अलीकडे हा भाव आणि पलीकडे ती माती. गावात तर मुद्दाम त्यांच्यासमोर टोमॅटोचा विषय काढणारी माणसं होती. टोमॅटोचे पैसे आल्यापासून सोपानदादांनी मोत्याशी बोलणंसुद्धा बंद केलं होतं. हे मला हौसाबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "पैशानं झोप उडली न्हाई ह्येंची. समोरचा ओटा गप झालाय, त्यानं उडलीय."

एका सकाळी गेनूभाऊ दुकानात आले, बराच वेळ स्टेपलरशी खेळले आणि म्हणाले, "ताई, भावाच्या कामाला दादाच पायजे. तुमी इचारून बघता का?"

मी गेले. सोपानदादा कांद्याच्या चाळीपाशी सडका कांदा वेगळा काढत होते. मी झेरॉक्सची प्रत पुढे केली आणि सगळं सांगितलं. त्यांनी कांदा निवडायचं थांबवलं नाही.

"त्यो भाऊ काय करतो पुस्तकात?"

मी कांद्यांकडे बघत म्हटलं, "हंडा पळवतो."

"हं," सोपानदादा म्हणाले. हातातला कांदा त्यांनी उलटसुलट करून बघितला. "म्हंजे मला चोर करायला निघालाय व्हय."

मी ती प्रत चाळीच्या कडेला ठेवली आणि निघून आले. वाटेत ठरवलं, गेनूभाऊंना सांगायचं की दादा घरी नव्हते.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी होती. जनावरांच्या पावत्या, आधारकार्डं. त्या गर्दीतून सोपानदादा आत आले. चष्मा लावलेला, हातात ती प्रत. वाचून वाचून तिचे कान मुडपले होते.

"मंदाताई," ते म्हणाले, "ह्या पुस्तकात एक खोट हाय."

"काय हो दादा?"

"भाऊ हंडा का पळवतो, ते कुणी लिव्हलंच न्हाई. बारतोल्याला काय वाटतं त्येची पानंच्या पानं. भावाला काय वाटत असंल ते एका ओळीत बी न्हाई. दोगं एका आईचं. एकाला हंडा मिळतो आन् दुसऱ्याला कुणी साधं सांगत बी न्हाई. त्येला ते बाजारात कळतं, लोकांकडनं. मंग त्येला राग नाय यायचा?"

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. म्हैस विकायला आलेली माणसं वळून बघायला लागली. मी सोपानदादांना बसायला स्टूल दिलं आणि तसाच गेनूभाऊंना फोन लावला. सगळं शब्द न् शब्द सांगितलं. मला वाटलं, आता ते वाक्य येणार, पुस्तकात तसं न्हाई.

"बरोबर बोलतोय दादा," गेनूभाऊ म्हणाले. "त्येला म्हणावं, काय वाटलं ते तूच बोल. जसं बोलशील तसं पिच्चरमधी ठिवू."

सोपानदादा शूटिंगला आले ते आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं काम करून गेले. पुस्तकात नसलेलं त्यांचं बोलणं एका दमात झालं. कुंभारासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "तुला हंडा घावला, ते मला बाजारात कळावं?" गेनूभाऊंनी मान खाली घातली. युनूसभाई त्या वेळी कुणालाही हसा म्हणाले नाहीत. पण कॅमेरा बंद झाला की दोघे पुन्हा पूर्वीसारखे. मोत्याचं काम आता युनूसभाईंकडे आलं होतं. "युनूसभाई, इचारा, मी कोणत्या बाजूनं यायचं." "युनूसभाई, सांगा, गोठ्याकडनं." दोघांमध्ये हाताचंही अंतर नसायचं. युनूसभाई मन लावून इकडचं तिकडे सांगायचे.

पिच्चरचं काय झालं असं लोक अजून विचारतात, म्हणून ते आधी सांगून टाकते. लग्नाचा हंगाम नव्हता तेव्हा एका दुपारी मंगल कार्यालयात तो दाखवला. जागा तीच असल्यामुळे काही माणसं आहेराची पाकिटं घेऊन आली. पडद्यावर सुरुवातीला गणपती आला, मग तुतारी वाजली, मग गुलाबाच्या पाकळ्यांच्या चौकटीत "हंडा" असं नाव आलं. हंडा सापडतो तिथे चहूबाजूंनी लाल बदाम उडाले. युनूसभाई म्हणाले, संगणकावर ते आपोआप पडतं. लोक नको तिथे हसले, हवं तिथेही हसले, आणि सोपानदादांच्या बोलण्याला मात्र कार्यालय चिडीचूप झालं. जेवायला बुंदी होती. उरलेले पैसे हौसाबाईंनी कुठलंही पुस्तक न वाचता बँकेत ठेवले.

पण गेनूभाऊ म्हटलं की मला तो पिच्चर आठवत नाही. मला शूटिंगचा शेवटचा दिवस आठवतो.

पुस्तकात एक वाक्य आहे. हंडा सापडल्यावर दोघे भाऊ एकदा एकत्र जेवतात आणि ते जेवण शेवटचं. एवढंच, एका ओळीत. गेनूभाऊंनी त्या ओळीसाठी अख्खा दिवस ठेवला होता. अंगणात, दोन घरांच्या बरोबर मध्ये, लिंबाच्या सावलीत घोंगडी टाकली. हौसाबाई चुलीवर बाजरीच्या भाकरी थापत होत्या. पिठलं, ठेचा, कांदा. दोघे भाऊ समोरासमोर बसले. युनूसभाईंनी कॅमेरा लावला. दोघे जेवले. पहिल्याच खेपेला सगळं छान झालं.

"ओके भाऊ," युनूसभाई म्हणाले.

"न्हाई," गेनूभाऊ म्हणाले. "आणिक एकदा घिऊ. घास मोठा झाला माझा."

पुन्हा ताटं वाढली. पुन्हा जेवले. या वेळी म्हणे सावली हलली. तिसऱ्या खेपेला कोंबडी आडवी गेली. ती कुणालाच दिसली नव्हती. हौसाबाई पुन्हा पीठ मळत होत्या. सोपानदादांनी शर्टाचं खालचं बटण सोडलं आणि पुन्हा ताटावर बसले. आधी ते मान खाली घालून जेवत होते. मग ठेचा पुढे सरकवायला लागले. मग एकदा त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोलला आणि गेनूभाऊंच्या ताटात टाकला. हौसाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "लहानपणी पापुद्र्याशिवाय जेवायचं न्हाईत म्हणं हे."

ऊन कलायला लागलं. युनूसभाई माझ्याजवळ आले आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवून पुटपुटले, "ताई, बॅटरी मघाशीच गेली. दुसरी पण संपली. सांगू का भाऊंना?"

मी घोंगडीकडे बघितलं. गेनूभाऊ ताट पुसून पुन्हा वाढायला सांगत होते. मी मानेनेच नाही म्हटलं. युनूसभाई कॅमेऱ्यामागे गेले, बंद कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाले, "चला भाऊ, रेडी."

दोघे पुन्हा जेवायला लागले. आता भूक कुणालाच नव्हती. तुकडा मोडायचा, पिठल्यात बुडवायचा, सावकाश चघळायचा. सोपानदादांनी एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. त्यावरचा लाल दिवा लागलेला नव्हता, आणि ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटात मान घातली. हातातली भाकरी त्यांनी खाली ठेवली नाही.

शेवटी हौसाबाईंचं पीठ संपलं. गेनूभाऊंनी ताटात हात धुतले, कोरड्या फडक्याला पुसले आणि पुसतच राहिले. मग युनूसभाईंकडे तोंड करून म्हणाले, "युनूसभाई, सांगा. काम संपलं म्हणावं. उद्यापास्नं शूटिंग न्हाई."

युनूसभाई बोलायच्या आत सोपानदादा म्हणाले, "गेन्या, उद्या काय करायला सांगू?"

गेनूभाऊंनी वर बघितलं. "उद्या कशाला, दादा? शूटिंग संपलं ना."

"ते कळलं मला," सोपानदादा म्हणाले. "मी जेवणाचं इचारतोय."